बिबट्यानं मारली तर पंधरा हजार, पावसानं मारली तर चार

प्रति,
मा. मंत्री, मदत व पुनर्वसन
मा. मंत्री, पशुसंवर्धन
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय: नैसर्गिक आपत्तीत दगावणाऱ्या शेळ्या-मेंढ्यांच्या मदतीचे निकष बदलण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

आपत्तीत जनावर दगावलं तर मालकाला किती पैसे द्यायचे, हे सांगणारा केंद्रीय गृह मंत्रालयाचा तक्ता सध्या देशभर चालतो तो 10 ऑक्टोबर 2022 चा. त्याची मुदत 31 मार्च 2026 ला संपते. राज्यांच्या आपत्ती निधीला किती पैसा द्यायचा हे सुचवणाऱ्या सोळाव्या वित्त आयोगाचा अहवाल नोव्हेंबर 2025 मध्येच राष्ट्रपतींकडे गेला आहे, म्हणजे पुढच्या पाच वर्षांची आकडेमोड कुठल्या तरी टेबलावर सुरू असणार. त्या तक्त्यात मेंढीपुढे कोणता आकडा लिहायचा, हे मेंढपाळांना कुणी विचारल्याचं माझ्या तरी कानावर नाही. मागच्या वेळी विचारलं नव्हतं, त्याच्या मागच्या वेळीही नाही. तेव्हा न विचारता सांगते आहे. पत्र खुलं आहे, कारण बंद पाकिटातल्या अर्जावर फार तर आवक क्रमांक पडतो.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका धनगर कुटुंबातली. वडील, दोन चुलते आणि थोरला भाऊ अशी चार बिऱ्हाडं मिळून आमचा एक वाडा, म्हणजे चराईसाठी एकत्र फिरणारी माणसं आणि कळप. दिवाळी झाली की वाडा निघतो आणि पावसाळ्याच्या तोंडाला गावाकडे वळतो. मी बारावीनंतर पुण्यात राहून बी.कॉम. केलं, आता एका खाजगी कंपनीत हिशेब बघते. घरात लिहिता-वाचता येणारी म्हणून वाड्याची सगळी कागदपत्रं माझ्याकडे असतात. आधार, पासबुकं, लसीकरणाच्या चिठ्ठ्या, आणि एक पंचनामा. हिशेब हाच माझा धंदा असल्यामुळे आधी आकडेच मांडते. हे आकडे माझे नाहीत, सगळे सरकारचेच आहेत.

आपत्ती प्रतिसाद निधीतून गाय किंवा म्हैस दगावली तर 37,500 रुपये मिळतात. बैल किंवा घोडा दगावला तर 32,000. वासरू, गाढव, खेचर, तट्टू यांना 20,000. शेळी, मेंढी आणि डुक्कर यांना 4,000. हा 4,000 चा आकडा 2022 मधला; त्याआधी तो 3,000 होता.

आता पशुसंवर्धन विभागाकडे या. याच राज्यानं 2021 मध्ये शेळी-मेंढी गट वाटपाच्या योजनेसाठी दख्खनी मेंढीची किंमत 8,000 रुपये धरली, माडग्याळ मेंढीची 10,000. लाभार्थ्याचा हिस्सा, अनुदान, सगळं याच किमतीवर ठरतं. म्हणजे मेंढी किती रुपयांना येते, हे सरकारला माहीत नाही असं म्हणायची सोय नाही.

वन विभागाचा हिशेब आणखी वेगळा. बिबट्यानं किंवा लांडग्यानं मेंढी मारली, तर बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 15,000 रुपये, यातली कमी असेल ती रक्कम मिळते. हे दर 2022 मध्ये वाढवले, आणि बरं केलं. जुन्नर-शिरूरच्या उसातला बिबट्या आता कुणाला नवा राहिलेला नाही.

तर कळप एकच, मेंढी एकच. सरकार वाटायला निघालं की ती आठ हजारांची. बिबट्यानं नेली की पंधरा हजारांपर्यंतची. पावसात गारठून मेली की चार हजारांची. आमचे धाकटे चुलते म्हणतात, मेंढरानं मरायचंच असेल तर बिबट्या बघून मरावं. वाड्यावर या वाक्याला सगळे हसतात. मंत्रालयात कुणी हसू नये अशी माझी विनंती आहे, कारण हा विनोद तिथेच तयार झाला आहे.

यावर मला ऐकवलं जाणारं उत्तर ठरलेलं आहे: ही नुकसानभरपाई नाही, ही मदत आहे. ठीक आहे, मदत म्हणू. पण मदत कशासाठी? मेंढपाळ पुन्हा उभा राहावा म्हणून ना? चार हजारांत आज कुठल्याही आठवडी बाजारात, लोणंदला जा नाहीतर चाकणला, व्यायला आलेली मेंढी मिळत नाही. मिळालं तर एखादं लहान कोकरू मिळेल. ते वाढून पहिल्यांदा व्यायला दीड-दोन वर्षं जातात. मधल्या काळात खायचं काय? लोकरीचं तर बोलायलाच नको. आमच्या जाड लोकरीला गिऱ्हाईक उरलेलं नाही, कातरणीचा खर्च अंगावर येतो. वाड्याला पैसा दोनच वाटांनी येतो. एक, कोकरं विकून. दुसरी, लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवून. त्याचं रानमालक धान्य देतो किंवा रोख देतो. मेंढी मेली की दोन्ही वाटा बंद. चार हजार रुपये म्हणजे त्या मेंढीच्या एका वर्षाच्या कोकराचीही किंमत नाही.

आणि हे चार हजार सगळ्या मेंढ्यांचे मिळतात असंही नाही. एका कुटुंबाला मोठी दुधाळ जनावरं असतील तर तीन, लहान असतील तर तीस, एवढीच मर्यादा. मी हिशेबातली माणूस, म्हणून गुणाकार करून बघितला. तीन म्हशींचे होतात 1,12,500. तीस मेंढ्यांचे 1,20,000. म्हणजे कुटुंबामागे साधारण सव्वा लाखाच्या वर जायचं नाही, असं कुणीतरी आधी ठरवलं आणि त्यातून मागे येत तीन आणि तीस हे आकडे काढले असावेत, असं मला दिसतं. पण तीन म्हशी ही एका लहान शेतकऱ्याची पुरती जमा असते. मेंढ्या तीस असल्या तर त्यावर वाडा चालतच नाही. ज्यांचं पोट फक्त मेंढरांवर आहे त्यांचा कळप शंभराच्या पुढेच असतो. त्याच्या शंभर मेंढ्या मेल्या तर सत्तर मेंढ्या कागदावर मरतच नाहीत.

1 आणि 2 डिसेंबर 2021 चा अवकाळी पाऊस आपल्याला आठवत असेल. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेड, पारनेर, संगमनेर या पट्ट्यात तेव्हा मेंढरं शेकड्यांनी मेली, पेपरांत फोटो आले. आमचा वाडा तेव्हा याच पट्ट्यात होता. कुठल्या तालुक्यात ते मुद्दाम लिहीत नाही. एका कचेरीशी भांडायला हे पत्र नाही, आणि तिथल्या माणसांच्या हातातही फारसं काही नव्हतं.

बाजरी निघालेलं रान होतं. लोकर नुकतीच कातरलेली. दिवसभर भुरभुर चालू होती, दिवस मावळल्यावर वारा सुटला. ज्यांनी मेंढरं पाळलेली नाहीत त्यांना वाटतं, मेंढरू थंडीनं मरतं. नुसत्या थंडीनं ते मरत नाही. पोट भरलेलं, अंग कोरडं असेल तर कडाक्याची थंडी काढतं. अंग भिजलं आणि वर वारा लागला की मग ते टिकत नाही. भिजलेलं मेंढरू ऊब शोधत दुसऱ्याच्या अंगात शिरतं. त्या रात्री सगळी मेंढरं वाऱ्याकडे पाठ करून वाघरीच्या, म्हणजे रात्री मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, एका कोपऱ्यात दाटली, मागची पुढच्यांच्या अंगावर चढली. वडील आणि भाऊ मधे घुसून एकेक ओढून काढत होते, पण ओलं मेंढरू हाताला धोंड्यासारखं लागतं आणि सोडलं की पुन्हा तिथेच जातं. खाली सापडलेली काही गुदमरून गेली. आईनं पालात मावतील तेवढी कोकरं आत घेतली, पोत्यानं पुसली. चूल पेटत नव्हती. पहाटे मोजदाद झाली तेव्हा मोठी मेंढरं 41 आणि कोकरं 17 गेली होती.

पुढचं सगळं कागदाचं आहे, आणि माझी तक्रार तिथून सुरू होते.

पंचनाम्यात मालक म्हणून एकच नाव लागलं, थोरल्या चुलत्यांचं. वाड्याशी बोलायचं म्हणजे वडीलधाऱ्याशी बोलायचं, ही आमची रीत. लिहिणाऱ्यानंही तेच नाव घातलं. पण नाव एक म्हणजे कुटुंब एक, आणि कुटुंब एक म्हणजे मर्यादा तीस. चार बिऱ्हाडांच्या चार शिधापत्रिका होत्या, चार आधार कार्डं होती, मेंढरांच्या कानावर प्रत्येकाच्या वेगवेगळ्या खुणा होत्या. आमच्यातलं लहान पोरगंही लांबून सांगतं कुठलं मेंढरू कुणाचं. ती खूण कागदात कुठल्या रकान्यात बसत नाही. 17 कोकरांचा तर विषयच निघाला नाही, कारण निकष म्हणतो मदत आर्थिकदृष्ट्या उत्पादक जनावरापुरती. अहो, कोकरं विकून जगणाऱ्याला सांगायचं की कोकरू उत्पादक नाही?

तेव्हाच्या दरानं तीस मेंढ्यांचे 90,000 झाले. चौघांत वाटले तर वाट्याला साडेबावीस हजार. सरकारच्याच आठ हजारांच्या किमतीनं नुसती 41 मोठी मेंढरं 3,28,000 रुपयांची होतात. मी ही वजाबाकी वडिलांना सांगितली नाही. त्यांनी मनात कधीच करून ठेवलेली असणार.

नव्वद हजार हातात पडले ते पुढचा पावसाळा सरल्यावर. मधल्या काळात जे झालं ते कुठल्याही भटक्या मेंढपाळाला विचारा, तो हेच सांगेल. मेंढरं मेली त्या तालुक्यात म्हणायचे, तुम्ही इथले रहिवासी नाही, तुमच्या तालुक्यात जा. आमच्या तालुक्यात म्हणायचे, घटना आमच्या हद्दीतली नाही, तिकडचं पत्र आणा. एका ठिकाणी सातबारा मागितला. ज्या रानात मेंढरं बसवली होती त्याचा सातबारा आमच्या नावावर कसा असेल? रानमालकानं मोठ्या मनानं स्वतःच्या सातबाऱ्याची नक्कल काढून दिली, तर ती चालेना, कारण जनावरं त्याची नव्हती. आणि या सगळ्या काळात वाडा एका जागी बसून राहू शकत नाही. राहिलेल्या मेंढरांना रोज चारायला नवं रान लागतं. कागदासाठी मागे थांबावं तर कळप पुढे जातो, कळपामागे जावं तर कागद मागे राहतो. मी पुण्यात नोकरीला होते म्हणून रजा टाकून हेलपाटे घालू शकले. ज्या वाड्यावर असं कुणी नाही, ते पहिल्या हेलपाट्यालाच नाद सोडतात. मेंढपाळ अर्जच करत नाहीत, असं बैठकीत कधी आपल्याला सांगितलं गेलं असेल, तर त्याचं कारण हे आहे.

त्या सकाळी आलेल्या पशुवैद्यकांबद्दल मात्र दोन शब्द चांगले लिहिले पाहिजेत. चिखलात मोटारसायकल ढकलत आले, उपाशी बसून शवविच्छेदन केलं आणि जी जगण्यासारखी होती त्यांना सुया दिल्या. एक माणूस, आसपास पाच-सहा वाडे, आणि सगळीकडे मेंढरं मरून पडलेली. ते येईपर्यंत मेलेली मेंढरं उघड्यावर ठेवावी लागली, कारण पुरली तर पुरावा गेला. रानमालक रान मोकळं करा म्हणत होता, त्याचंही काही चूक नव्हतं. त्याला गव्हासाठी पाणी भरायचं होतं.

यानंतर 1 जून 2024 पासून आणखी एक अट आली: कानात टॅग नसेल तर आपत्तीतल्या मृत्यूची मदत नाही. टॅगला आमचा विरोध नाही. नोंद झाली पाहिजे, लसीकरणही त्यानंच सुधारेल. पण गोठ्यात बांधलेल्या गाईच्या कानातला टॅग आणि मेंढीच्या कानातला टॅग यांत फरक आहे, हे नियम लिहिताना कुणी तरी रानात येऊन बघायला हवं होतं. मेंढी दिवसभर बाभळीत, बोरीत, घाणेरीत तोंड घालून चरते. रात्री वाघरीच्या जाळीला कान घासते. टॅग अडकतो, ओढला जातो, कधी कानाच्या चिरीसकट निघतो. चिरलेल्या कानाची मेंढी दाखवली तरी नियमाच्या लेखी ती विनाटॅगचीच. शिवाय वाटेवर व्यालेल्या मेंढीच्या कोकराला टॅग मारायला कुणाला शोधायचं? ज्या गावात आज मुक्काम आहे तिथला दवाखाना म्हणतो, तुमच्या गावच्या दवाखान्यात मारा. आमचं गाव तेव्हा दीडशे किलोमीटर मागे असतं.

आता पावसाचा मुद्दा. हा तांत्रिक आहे, पण सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे असं मला वाटतं. अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर पाऊस. हे माप पिकासाठी, पुरासाठी ठीक असेल. थंडीची लाट म्हणजे, मैदानी भागात, किमान तापमान दहा अंशांवर किंवा त्याखाली उतरलेलं, आणि नेहमीपेक्षा बरंच कमी. आता डिसेंबरातली एक रात्र घ्या: पाऊस वीस-पंचवीस मिलिमीटर, पारा चौदा-पंधरावर, आणि सोसाट्याचा वारा. ही अतिवृष्टीही नाही आणि थंडीची लाटही नाही. पण कातरलेल्या मेंढरांसाठी याहून वाईट रात्र नाही. मेंढरू ज्या कारणानं मरतं ते कारण या दोन्ही मापांत बसत नाही, म्हणून प्रत्येक वेळी कुणीतरी मंत्री दौऱ्यावर यायचा, फोटो निघायचे, आणि खास बाब म्हणून काहीतरी जाहीर व्हायचं. आम्हाला खास बाब नको. नियम हवा. हवामान खात्याकडे पाऊस, वारा आणि तापमान तिन्ही मोजलेले असतात. ती एकत्र बघणारा निकष बसवायला कुठलं नवं यंत्र लागणार नाही.

घोड्याचंही सांगून टाकते. आमचं घर घोड्याच्या पाठीवर असतं. पाल, भांडी, धान्य, बाजेवर बांधलेली कोंबडी आणि कधी कधी चालून दमलेलं पोर. निकषात घोड्याला 32,000 आहेत आणि तट्टूला 20,000. वाड्यावरचं घोडं मेलं की ते हमखास तट्टू ठरतं. वाड्याच्या कुत्र्याला तर काहीच नाही. त्यावर मी भांडत नाही, फक्त लिहून ठेवते, कारण बिबट्याशी पहिली गाठ त्याचीच पडते.

आपलं पुढचं उत्तरही मला ठाऊक आहे: निकष केंद्राचे आहेत, राज्याचे हात बांधलेले आहेत. मी ते मानत नाही, आणि त्याचं कारण आपल्याच सरकारनं दिलेलं आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये पुराच्या मदतीचं 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर झालं, तेव्हा तीन जनावरांची मर्यादा राज्यानं बाजूला ठेवली. जेवढी जनावरं दगावली तेवढ्यांची मदत देऊ, असं सांगितलं. मराठवाड्यात गोठेच्या गोठे वाहून गेले होते. हा निर्णय योग्यच होता आणि त्याबद्दल मी मनापासून आभार मानते. पण त्यातून हे सिद्ध झालं की मनात आणलं तर राज्याला ही मर्यादा ओलांडता येते. अडचण एवढीच की तो निर्णय त्या वर्षीच्या त्या आपत्तीपुरता. पुढच्या डिसेंबरात वाडा पुन्हा उघड्या रानात असेल आणि तक्त्यात पुन्हा तीस. वन विभागाचे 15,000 तर पूर्णपणे राज्याचाच निर्णय आहे, त्याला दिल्लीची परवानगी लागली नाही. आपत्ती निधीत केंद्राचे 75 टक्के आणि राज्याचे 25. केंद्राचा दर कमी असेल तर वरची रक्कम राज्यानं घालायला कुणी अडवलेलं नाही.

मेंढपाळांसाठी सरकार काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. अनुदानावर मेंढ्या देणारी महामेष योजना आहे, पावसाळ्यातल्या चार महिन्यांसाठी चराई अनुदान आहे. शेळी-मेंढी महामंडळाला अहिल्यादेवींचं नाव आहे, आता जिल्ह्यालाही आहे. नावं आम्हाला भरपूर मिळाली. पण योजना मेंढरं देते आणि आपत्तीत ती मेली की त्याच मेंढराची किंमत अर्धी करते, तर योजनेवर घातलेला पैसाही सरकार आपल्याच हातानं पाण्यात घालतं.

आता मागण्या. फार नाहीत, आणि एकही अशी नाही की जिच्यासाठी समिती नेमावी.

मेंढी आणि शेळीचा दर, सरकार स्वतः वाटपासाठी जी किंमत धरतं तिच्याहून कमी नसावा. दख्खनी मेंढीची ती 8,000 आहे, तर मदत 8,000. माडग्याळला 10,000. पुढे वाटपाची किंमत वाढली की मदतीचा दर आपोआप वाढावा, पाच-पाच वर्षं वाट बघायला लागू नये. नव्या निकषांसाठी केंद्राला हाच आकडा कळवा आणि केंद्रानं तो मानला नाही तर फरक राज्याच्या तिजोरीतून द्या.

तीसची मर्यादा कायमची काढा. एका पुरापुरती नको, सगळ्या आपत्तींसाठी काढा, आणि आदेशात शेळ्या-मेंढ्यांचं नाव घालून काढा; नाव नसलं की खाली तालुक्यात तीन जनावरं म्हणजे गाई-म्हशीच असा अर्थ लागतो. जोपर्यंत मर्यादा आहे तोपर्यंत निदान पंचनाम्यात वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाचं नाव स्वतंत्र लागलं पाहिजे. कोकरांना वासराप्रमाणे वेगळा दर द्या. मोठ्या मेंढीच्या निम्मा दिला तरी आम्ही तक्रार करणार नाही, पण शून्य नको.

जनावर जिथे मेलं तिथल्याच तहसीलनं प्रकरण शेवटपर्यंत न्यावं आणि पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जमा करावेत. रहिवासाचा दाखला, सातबारा, मूळ गावचं पत्र, यातलं काहीही मागू नये, आणि तसं लेखी परिपत्रक काढावं. तोंडी सूचना खालपर्यंत येईस्तोवर बदलते. पंचनामा व्हायला किती तास आणि पैसे यायला किती दिवस, हेही त्याच परिपत्रकात असू द्या. पशुवैद्यक एकटा पडत असेल तर तारीख-वेळेसह काढलेले फोटो आणि पोलीस पाटलाची सही ग्राह्य धरा, म्हणजे मेलेली मेंढरं दिवसभर उघड्यावर ठेवावी लागणार नाहीत.

टॅग तुटला तर लसीकरणाची नोंद किंवा चिरलेला कान पुरावा म्हणून चालला पाहिजे. टॅग मारण्याचं काम महाराष्ट्रातल्या कुठल्याही पशुवैद्यकीय दवाखान्यात झालं पाहिजे. 21 व्या पशुगणनेत भटक्या पशुपालकांची पहिल्यांदाच वेगळी नोंद घेतली गेली. ती यादी आता सरकारकडे आहे. तिच्यावरून प्रत्येक वाड्याला कळपाचं एक पुस्तक द्या, जिथे मुक्काम तिथल्या दवाखान्यानं त्यात नोंद करावी. शेतकऱ्याला सातबारा तसं आम्हाला ते.

पाऊस, वारा आणि थंडी एकत्र आली की त्याला शेळ्या-मेंढ्यांसाठी आपत्ती मानणारा निकष राज्यानं स्वतःच्या यादीत घालावा. विजेचा समावेश राज्यानं असाच केला होता.

शेवटची मागणी पैशाची नाही. अवकाळीचा इशारा हल्ली आदल्या दिवशी मोबाईलवर येतो, तो आमच्याकडेही येतो. इशारा वाचून मेंढरं घेऊन जायचं कुठे, एवढंच कळत नाही. तालुक्याच्या बाजार समितीत मोठमोठ्या शेड असतात आणि रात्री त्या बऱ्याचदा रिकाम्या असतात. इशारा आला की त्या रात्रीपुरत्या त्या मेंढपाळांना उघडून द्याव्यात, असा एक आदेश काढा. लेंड्या सकाळी आम्ही झाडून देऊ. उलट त्या नेण्यासाठी शेतकरीच रांग लावतील. 2021 च्या त्या रात्री आमच्या वाड्यापासून अशी एक शेड चार किलोमीटरवर होती. तिला कुलूप होतं.

2026 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी गवताळ राने आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. त्यानिमित्त कार्यक्रम होतील, घोंगडी आणि काठी देऊन सत्कार होतील. त्या व्यासपीठावर बसण्याआधी, 31 मार्चच्या आत, आपण दोन्ही खात्यांनी मिळून केंद्राला शेळ्या-मेंढ्यांबाबत काय शिफारस केली, ती जनतेसमोर ठेवावी. शिफारस केलीच नसेल तर तसंही सांगावं. आणि ती लिहिण्याआधी कुठल्याही एका वाड्यावर यावं. फेब्रुवारी-मार्चमध्ये आम्ही पुणे जिल्ह्यातच असतो, बोलावलं तर कागदपत्रं घेऊन मंत्रालयातही येऊ. पंचनाम्याची मूळ प्रत माझ्याकडे आहे.

आपली,
एका मेंढपाळ वाड्यावरची लेक
जिल्हा अहिल्यानगर